तुमच्या गावाची वही कुणी भरली?

दर ५ जूनला रोपट्यासोबत फोटो टाकणाऱ्यांना एक प्रश्न. तुमच्या ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीत कोण आहे?

अशी समिती असते, हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. २००२च्या जैवविविधता कायद्याने ती प्रत्येक स्थानिक संस्थेवर बंधनकारक केली. तिचं मुख्य काम लोक जैवविविधता नोंदवही करणं. गावात कोणती झाडं, मासे, बियाणी आहेत, ती कोण कशी वापरतं, हे गावकऱ्यांना विचारून लिहायचं. माधव गाडगीळांनी या कल्पनेसाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या.

मग झालं काय? दीड दशक बहुतेक ठिकाणी सगळं थंड. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, नाहीतर राज्यांना महिन्याला १० लाख रुपये भरायला सांगितलं. मग सुरू झाली घाई. आता पावसाळ्यात उगवणारी रानभाजी डिसेंबरात कशी नोंदवणार? अशा वहीत लोक किती आणि खानापूर्ती किती, ते तुम्हीच ओळखा.

सरकारला शिव्या घालणं सोपं आहे. (घालाच, हरकत नाही.) पण आपले निसर्गगट तरी काय करतात? रविवारी ट्रेल, दुर्बीण, ग्रुपवर लॅटिन नावांची आतषबाजी. कुर्डू आणि फोडशी डोळे मिटून ओळखणारी बाई त्या ग्रुपवर नसते. असली तरी बोलत नाही, कारण तिथे कुणी तिला काही विचारतच नाही. आणि समितीच्या बैठकीला आपण जात नाही, कारण तिथे रील होण्यासारखं काही घडत नाही.

कोकणातल्या कित्येक सड्यांवर सरकारी कागदात 'पडीक' असा शिक्का आहे. पावसात फुलांनी भरणारी, गुरांना चारा देणारी जमीन, आणि पडीक! उद्या तिथे खाण किंवा प्रकल्प आला, तर तुमच्या हातात पुरावा कोणता? वहीत नोंद असेल तर निदान भांडायला कागद आहे. पान कोरं असेल तर हॅशटॅगला सुनावणीत कुणी विचारत नाही.

तेव्हा येत्या ग्रामसभेत वही मागा. शहरात असाल तर महापालिकेत मागा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये लागतात. तुमचा गट असेल तर सगळेच जा, कारण एकट्याला 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' सांगून परत पाठवतात. वही मिळाली की ती घेऊन आधी शेजारच्या आजीकडे बसा. काय काय राहून गेलंय ते ती सांगेल.