आधी पुनर्वसन, मग स्थलांतर

१४ ऑक्टोबर २०२५ उलटून गेली आणि भोरच्या बाजारपेठेत आभाळ कोसळले नाही. दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रांचे शटर वर गेले, विंडोज १० नेहमीसारखे सुरू झाले, हिर्डोशी खोऱ्यातून सकाळच्या एसटीने आलेली माणसे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाकावर बसली. मायक्रोसॉफ्टने त्या तारखेपासून या प्रणालीच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या. पण थांबलेल्या गोष्टीचा आवाज येत नाही, आणि आवाज आल्याशिवाय या धंद्यात कोणी मान वर करीत नाही.

आता ती वर झाली आहे. या मासिकाकडे येणाऱ्या पत्रांत प्रश्न एकच: नवे यंत्र घ्यावे, आहे तेच रेटावे, की सरळ लिनक्सवर जावे? विंडोज ११ चा दरवाजा बहुतेकांसाठी बंदच आहे. टीपीएम २.० आणि किमान आठव्या पिढीचा इंटेल ही अट तालुक्याच्या गावातील निम्म्याअधिक टेबलांना पुरी करता येण्यासारखी नाही. मुदतवाढीची सोय आहे, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आणि घरगुती यंत्रांसाठी. धंद्याच्या यंत्राला पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. एवढ्या पैशांत पाच-सात वर्षांचे यंत्र जगवणे म्हणजे म्हातारीच्या औषधाला घर गहाण टाकणे.

नवे घ्यावे म्हटले तर हिशेब करून पाहावा. २०२५ मध्ये आपले सरकार सेवा केंद्राचे शुल्क ५० रुपये झाले तेव्हा पेढे वाटल्यासारख्या बातम्या आल्या. त्या ५० मधले अडीच राज्य सेतू केंद्राचे, दहा महाआयटीचे, पाच जिल्हा सेतू सोसायटीचे आणि साडेबत्तीस चालकाचे. संगणक, छपाईयंत्र आणि यूपीएस मिळून ३५ हजारांचा संच धरला तर तो फेडायला १,०७७ दाखले लागतात. तेही भाडे, वीज, कागद आणि शाई फुकट आहे असे मानून. भोर शहरात जूनच्या प्रवेशांच्या गर्दीत हा आकडा गाठता येईल. वेल्ह्याच्या आत, तोरण्याच्या पायथ्याशी केंद्र थाटलेल्या माणसाने तो कधी गाठायचा?

म्हणून उबुंटू किंवा मिंटची पेनड्राइव्ह लावून पाहणारे वाढले आहेत, आणि पहिला तास त्यांना फार सुखाचा जातो. जुना आय-३, त्यात एसएसडी आणि आठ जीबी रॅम घातली की यंत्र पळू लागते. क्रोम उघडतो, आपले सरकार उघडते, महाभूलेख उघडते, लिब्रेऑफिस मराठीतून बोलते. कामाचा मोठा भाग तसाही ब्राउझरमध्येच होतो, आणि ब्राउझरला खाली कोण बसले आहे याचे सोयरसुतक नसते.

दुसऱ्या तासाला कोणीतरी पीएम-किसानची ई-केवायसी करायला येतो.

इथे सगळे अडते. ई-केवायसीला अंगठा लागतो, आणि तो घेणारी अंगठ्याची डबी नुसती यूएसबीत खोचून चालत नाही. ब्राउझर १२७.०.०.१ वर ११,१०० ते ११,१२० या पोर्टांत डबीशी बोलणारी आरडी सर्व्हिस शोधतो, आणि चालकाच्या हाती व्यवहारात पडणारी ही सर्व्हिस विंडोज किंवा अँड्रॉइडसाठी असते. विंडोजची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवणारे वाइन इथे कामाला येत नाही, कारण ड्रायव्हर खालच्या थरात हवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये यूएसबी आत नेता येते, पण आत पुन्हा विंडोजच लागते. म्हणजे ज्याला टाळायला घर बदलले, त्यालाच पोटमाळ्यावर भाडेकरू ठेवायचे. शिवाय चार जीबीच्या यंत्रावर दोन संसार. ज्यांना एल-० डबी बाजूला ठेवून एल-१ घ्यावी लागली, त्यांना ही जखम ताजी आहे. एल-१ मध्ये बोटाचा ठसा डबीतल्या डबीतच कुलूपबंद होतो. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मग बाहेरचा संगणक कोणत्या प्रणालीचा, याला इतके महत्त्व का उरावे? ठसा डबीतच बंद होत असेल तर लिनक्ससाठी छोटी सर्व्हिस लिहून ती प्रमाणित करणे हे काही चांद्रयानाचे काम नव्हे.

करायचे कोणी, हा खरा घोळ आहे. केंद्र सरकारचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ पासून कागदावर आहे. त्याच सरकारच्या योजनेचा अंगठा घ्यायचा तर डबीबरोबर विंडोज नाहीतर अँड्रॉइड हवे. केंद्रात दरफलक कुठे लावायचा, त्यावर कोणती सेवा लिहायची, पावती कशी द्यायची, याचे आदेश चालकाला तोंडपाठ असतात. यंत्र कोणत्या प्रणालीवर चालवले तर चालेल, यावर मात्र एक ओळही मिळत नाही. तालुक्याला विचारले की बोट जिल्ह्याकडे जाते, जिल्ह्याला विचारले की मुंबईकडे, आणि तिथून ‘डबीच्या विक्रेत्याला विचारा’ असे उत्तर येते. विक्रेता पुण्याच्या तापकीर गल्लीत बसतो. तो म्हणतो, मागणी नाही. मागणी कुठून असणार? चालते की नाही हेच कोणी सांगत नाही, तर मागायचे कोणी?

नावे बदलायला मात्र यंत्रणेला अडचण येत नाही. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले, वेल्हे तालुका राजगड झाला. शेवटच्या बदलाचा आनंद सगळ्यांनाच आहे. पण दरवेळी लेटरहेड, शिक्के आणि नमुने नव्याने जुळवायला बसतो तो डीटीपीवाला, आणि तो बसतो पेजमेकर ७ उघडून. अडोबीने पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ मध्ये काढली आणि २००४ मध्ये त्यावरचे काम सोडून दिले.

विषय अंगठ्याचा आहे, तरी आपले सरकार पोर्टलवरच्या आणखी एका नमुन्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. कागदपत्र ७५ ते ५०० केबी, फोटो ५ ते २० केबी, रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२. कमाल मर्यादा समजते. सर्व्हरची जागा वाचते. पण किमान ७५ केबी? एकपानी स्वच्छ काळीपांढरी पीडीएफ ४० केबीत बसते, म्हणून नाकारली जाते, आणि मग चालक ती रंगीत करून, मुद्दाम फुगवून पुन्हा चढवतो. सरकारी सर्व्हरवर अशा किती फुगलेल्या रेशनकार्डांचा ढीग साठला असेल, याचा हिशेब कोणीतरी काढावा. लिनक्सवर इमेजमॅजिकची एक ओळ लिहून ठेवली तर अख्खा फोल्डर त्या मापात बसतो. स्थलांतर न करणाऱ्यांनीही एवढे शिकून घ्यायला हरकत नाही. विंडोजवरही ते चालते.

आता या मासिकाचे मत. अंगठ्याचे उत्तर सरकारच्या हातात आहे, पण दुकानातल्या जुन्या फाइलींचे उत्तर चालकाच्या स्वतःच्या हातात आहे, आणि तिथे चालकांनी काहीही केलेले नाही. भोर आणि राजगड, म्हणजे पूर्वीचे वेल्हे, हे धरणांचे तालुके: भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी इथल्या माणसाला भाषणातून शिकावी लागत नाही. तोच माणूस दुकानात बसला की गठुडे न बांधता उठायला निघतो.

केंद्रातील डी ड्राइव्ह उघडून पाहावा. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, सोसायटीचे अहवाल, यात्रेची हँडबिले, शाळेचे दाखले. वीस वर्षांचे काम श्री-लिपीत, आयएसएममध्ये नाहीतर ‘शिवाजी ०१’ मध्ये. हे युनिकोड नव्हे. त्या फाइलीत ‘भोर’ असे कुठेच लिहिलेले नाही. तिथे रोमन चिन्हे आहेत आणि फॉन्ट त्यांना भोरचा मुखवटा चढवतो. जुनी टीटीएफ लिनक्सच्या फॉन्ट-फोल्डरमध्ये टाकली तर मजकूर बहुधा दिसतोही. टंकन करून देणारे इंजिन मात्र विंडोजचे, आणि काही पॅकेजांना कुलूप म्हणून पाठीमागे डाँगल. म्हणजे वाचता येईल, सुधारता येणार नाही. उद्या नवीन विंडोज घेतले तरी यातली थोडीफार अडचण पाठ सोडणार नाही, हे लिनक्सला नाके मुरडणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

यात बोचणारी गोष्ट अशी की हा बहुतेक माल याच जिल्ह्यातला. श्री-लिपी पुण्याची, आयएसएम पुण्याच्या सी-डॅकचे. बॉस ही लिनक्सवरची भारतीय प्रणालीही सी-डॅकचीच, जरी ती चेन्नईत घडली. मराठीसकट भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ हे मुक्त फॉन्ट रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी वर्षानुवर्षे सांभाळले. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ फुकट मिळतो, मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ही, आणि मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर भीक मागावी लागत नाही. कळपाटाचीही रड संपली आहे: लिनक्सच्या आयबसमध्ये इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन, इतकेच काय, गमभनही निवडता येते. टायपिंगच्या परीक्षेला रेमिंग्टनवर हात बसवलेल्या मुलीला बोटे नव्याने शिकवावी लागत नाहीत. पुण्याहून भोरला यायला हे सगळे एसटीने निघाले असते तरी एव्हाना पोचले असते.

जुन्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना घाई नको. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टंकलेला असतो. रूपांतरक त्यांची जागा बदलतो आणि जोडाक्षर आले की हमखास चुकतो. आडनावे आणि गावांची नावे डोळ्यांनी तपासावीत. ‘सातबाऱ्या’तला ऱ्या दोन तऱ्हांनी साठवता येतो, डोळ्याला तो एकच, शोधयंत्राला दोन. केंद्राने एक तऱ्हा ठरवून तीच पाळावी, नाहीतर उद्या ‘मोऱ्यां’चा ठराव शोधताना यंत्र ‘नाही’ म्हणेल आणि दोष लिनक्सला जाईल.

बाहेरची उदाहरणे दोन्ही बाजूंची आहेत, म्हणून कोणी एकच उचलून नाचू नये. केरळने शाळांचे संगणक आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पातून मुक्त प्रणालीवर नेले आणि ते टिकले, कारण तिथे पाठ्यपुस्तक, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि परीक्षा एकाच वेळी हलली. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये ठरवून सुमारे १५ हजार यंत्रे लिनक्सवर नेली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे फिरायचे ठरवले. राजकारण होते, तसेच बाहेरून येणाऱ्या फाइलींचा आणि खास सॉफ्टवेअरचा जाचही होता. भोरचे केंद्र हे छोटे म्युनिक आहे. त्याची गाठ स्वतःच्या यंत्राशी कमी आणि दुसऱ्याच्या हट्टाशी जास्त पडते.

छपाईयंत्राचा नंबर याच हट्टांत लागतो. एचपीचे १०२० असेल तर एचपीलिपचे प्लगइन घेतले की काम होते. गावोगाव दिसणारे कॅननचे एलबीपी २९०० असेल तर कॅप्ट ड्रायव्हरशी झटापट करायची तयारी ठेवावी, आणि ती जूनमध्ये करू नये.

तेव्हा ज्या केंद्रात दोन यंत्रे आहेत त्यांनी एक लिनक्सवर न्यावे: अर्ज, छपाई, स्कॅन, टंकन तिथे. अंगठा दुसऱ्या यंत्रावर, किंवा सेवेचे अ‍ॅप असेल तिथे ओटीजी लावून फोनवर. क्लास ३ च्या डिजिटल सहीचे टोकन घेऊन ग्रामपंचायतीची देयके किंवा निविदा करणाऱ्यांनी आधी आपल्या टोकनाचा लिनक्स ड्रायव्हर आहे का ते पाहावे, मगच पेनड्राइव्हला हात लावावा. एकच यंत्र असलेल्याने दुहेरी व्यवस्था ठेवावी आणि विंडोजची बाजू फक्त अंगठ्यापुरती उघडावी. सगळे पुसून एका रविवारी लिनक्स टाकणाऱ्याचे सोमवारचे दुकान बंद राहील.

आणि जे ‘आमचे क्रॅक केलेले विंडोज ७ छान चाललेय’ म्हणून मिशीला पीळ देतात, त्यांच्याविषयी सौम्य शब्द शोधूनही सापडत नाहीत. त्यांच्या डेस्कटॉपवर शेकडो लोकांची आधार कार्डे, पॅन कार्डे आणि बँकेची पासबुके ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’ अशा नावांनी पडली आहेत. व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. केळदच्या म्हातारीने कागद दिला तो दाखल्यासाठी. तो दुकानात कायमचा ठेवून घ्यायला नव्हे. लिनक्स, विंडोज हे नंतर. आज संध्याकाळी शटर ओढण्याआधी ते फोल्डर रिकामे करावेत, रिसायकल बिनसकट.

चालकांच्या तालुका संघटनांनी निवेदने देण्याचा उत्साह या वेळी थोडा कामाला लावावा. ‘मागण्या मान्य करा’ असे मोघम पत्र नको. एकच मागणी लिहावी: ज्या डब्या शासनाच्या सेवांना चालतात, त्यांपैकी कोणत्या डबीची आरडी सर्व्हिस लिनक्सवर प्रमाणित आहे याची यादी प्रसिद्ध करा, एकही नसेल तर तसे लेखी द्या. लेखी ‘नाही’ हातात आले तर पुढची गोष्ट करता येते.

तोवर यादी चालकांनीच करायची आहे. भोर, वेल्हे आणि आसपासच्या प्रत्येक केंद्राने आपली अंगठ्याची डबी, स्कॅनर, छपाईयंत्र आणि सहीचे टोकन यांची नावे पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मासिकाकडे पाठवावीत. कोणी लिनक्सवर लावून पाहिले असेल तर चालले की नाही, आणि कोणत्या आवृत्तीवर, तेही लिहावे. फसलेले प्रयोग अधिक उपयोगाचे, ते लपवू नयेत. पुढच्या अंकाची मधली चार पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत. मॉडेल क्रमांक डबी उलटी करून पोटावरच्या चिकटपट्टीवरून उतरवावा. मंत्राच्या एमएफएस १०० आणि ११० या डब्या वरून सारख्याच दिसतात.