पट्टी कोणाची?

संगीत शिकवणाऱ्याला एक खोड लागते. तो मुलांना आपल्या पट्टीत गायला लावतो. त्याचा स्वतःचा गळा काळी एकमध्ये मोकळा, म्हणून पेटी काळी एकवर ठेवून तो साऱ्या वर्गाकडून सरगम घोकून घेतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा आवाज निसर्गतःच वरचा. ते बिचारे खालच्या षड्जाशी झटते, घोगरे होते, आणि गुरुजी शेरा मारून मोकळे होतात, ‘याला सूर नाही.’ हा शेरा मीही मारलेला आहे. एका मुलाला तर मी वर्षभर मागे बसवून नुसता हाताने ताल धरायला लावला होता. एके दिवशी मधल्या सुटीत तो आपल्याशीच गुणगुणत होता. पेटीवर ताडून पाहिले, तो काळी चारवर अचूक उभा! माझे वडील राजवाड्याच्या पदरी गवई. गाणाऱ्याची पट्टी विचारल्यावाचून त्यांनी कधी कोणासाठी तंबोरा लावला नाही. घरात रोज पाहिलेली ही रीत शिक्षक होताच मी विसरलो होतो.

ही जुनी चूक पुन्हा आठवली ती चलथाणला. सुरतेहून बारडोलीकडे जाणाऱ्या रेल्वेवर हे गाव लागते. ते आज पलसाणा तालुक्यात आहे, आणि पलसाणा हा बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतातला महाल. तेव्हा आपल्यातल्या जुन्या घरांना हा मुलूख अगदीच परका नाही. गावात सहकारी साखर कारखाना आहे, शेजारी कडोदऱ्याला कापडाच्या गिरण्या आहेत. दिवाळी सरली की डांग, नंदुरबार, धुळे या बाजूंनी ऊसतोडीची कुटुंबे कोयता घेऊन या भागात उतरतात, खोपी उभ्या करतात आणि उन्हाळ्यात परततात. गिरण्यांच्या आसऱ्याला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथली घरे आलेली. माझी एक जुनी विद्यार्थिनी त्या भागात प्राथमिक शिक्षिका आहे. तिच्या आग्रहावरून गेल्या हंगामात मी एक दिवस तिच्या वर्गात मागे बसून होतो.

शाळा गुजराती माध्यमाची, वर्ग दुसरीचा. घंटा होऊन गेल्यावर दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. कडेवर धाकटा भाऊ, नजर पायाशी. शिक्षिका तिला गुजरातीत ‘बेस’ म्हणाली नाही, की आपल्या मराठीत ‘बस’ म्हणाली नाही. ‘आठे बठ,’ एवढेच ती खानदेशी बोलीत म्हणाली. मुलीने चटकन वर पाहिले आणि ती आत आली. भावालाही शेजारी चटईवर जागा मिळाली. आई पहाटेच फडात गेलेली. ‘त्याला घरी ठेवून ये’ असे सांगणे म्हणजे ‘तूही येऊ नकोस’ असेच सांगणे, हे त्या शिक्षिकेला कोणी शिकवावे लागले नव्हते.

मग तिने फळ्यावर ‘शेरडी’ हा शब्द लिहिला आणि विचारले, तुमच्या घरी याला काय म्हणतात? ऊस, गन्ना, ऊख, आखु, एकेक नाव येत गेले, तिने सारी नावे फळ्यावर मांडली. ऊस तोडतात कसा, हे कोण सांगेल, असे विचारताच ती मघाची अबोल मुलगी उठली. बुंध्याशी कोयता कसा घालायचा, पाचट कसे काढायचे, शेंड्याचे वाढे बैलापुढे कसे टाकायचे, हे सारे तिने हातवारे करून आपल्या बोलीत सांगितले. दोन्ही भाषा जाणणाऱ्या एका मुलाने ते गुजरातीत आणले. दहा कांड्यांची एक मोळी, अशा तीन मोळ्या आणि वर सुट्या चार कांड्या, तर एकंदर किती? दशक-एककाचा धडा असा झाला. तास संपला तेव्हा प्रत्येकाच्या पाटीवर ‘शेरडी’ हा शब्द गुजराती लिपीत होता. ही शेवटची गोष्ट मला विशेष वाटते. मुलाच्या पट्टीत सुरुवात करायची ती तिथेच थांबण्यासाठी नव्हे. षड्ज पक्का झाला की गळा वर चढतो, तसेच हे आहे.

हा काही नवा शोध नव्हे. गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांसह वारल्यांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली. मुले गुरे राखायला गेली, तेव्हा ती कुरणात गेली. पाने, बिया, शंखशिंपले हीच तिथली साधने. बालशिक्षणाचा हा वारसा अर्धा गुजराती नि अर्धा मराठी आहे. चलथाणसारख्या गावी तर तो दोन्ही अंगांनी लागू पडतो.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा आरंभ केला आणि १९०६ साली ते राज्यभर लागू केले, याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. पण कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो. उंबरठ्याच्या आत घेतो तो शिक्षक. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलाला प्रवेश नाकारू देत नाही, जुन्या शाळेच्या दाखल्यासाठी त्याला अडवू देत नाही. तरी हंगामात आलेले मूल ‘चार महिन्यांचा पाहुणा’ म्हणून मागच्या रांगेत बसवले जाते, हे आपण डोळ्यांनी पाहतो. चार महिने मागे बसलेले मूल पुढल्या वर्षी शाळेत येत नाही. ते फडात मोळ्या बांधू लागते. ‘याला सूर नाही’ या शेऱ्याची किंमत ही अशी असते.

त्या शिक्षिकेने एक साधी वही ठेवली आहे. कोणते मूल काय वाचते, कुठवर मोजते, कशाला बुजते, हे ती दोन ओळींत टिपते आणि निघताना त्या ओळी उतरवून मुलाच्या दप्तरात घालते. पुढच्या गावच्या गुरुजींनी तो कागद उघडून पाहिला, तर मूल तिथून पुढे चालेल. न पाहिला, तर पुन्हा श्रीगणेशा. दोन राज्यांच्या शिक्षणखात्यांनी हा कागद मान्य करून प्रत्येक शाळेला बंधनकारक करावा, ही मागणी मुळीच मोठी नाही.

आणि एक मागणी आपल्या स्वतःकडे. ‘आठे बठ’ ऐकून आपल्या दिवाणखान्यात हसू फुटते. आपण त्या बोलीला गावंढळ म्हणतो. पण आपले पूर्वजही या गुजरातेत बाहेरूनच आले. त्यांना आपली भाषा सोडा, असे कोणी म्हटले नाही. उलट दरबाराने ती उचलून धरली. आपल्यात निवृत्त शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत, खानदेशाशी नाते असलेली घरेही आहेत. हंगामाच्या दिवसांत आठवड्यातून एक सकाळ जरी अशा वर्गात जाऊन बसले, मुलांचे शब्द गुजराती गुरुजींच्या कानी घातले, तरी पुष्कळ होईल. गाणे शिकवण्याआधी गाणाऱ्याची पट्टी विचारावी, एवढेच यात करावयाचे आहे.