गणित आणि संगणक: एक पदवी, तीन राज्यांच्या तीन वाटा

बीदर तालुक्यातील कमठाणा हे माझ्या पत्नीचे आजोळ. गेल्या महिन्यात एका लग्नानिमित्त तेथे जाणे झाले, तेव्हा नुकतीच द्वितीय पीयूसी उत्तीर्ण झालेली घरातील एक मुलगी वही घेऊन समोर येऊन बसली. वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला सगळे ठाऊक असते, हा समज सीमाभागातही आहेच. तिने विचारले, ‘‘काका, इंजिनिअरिंगला न जाता गणित आणि कॉम्प्युटर दोन्ही सारखंच शिकायचं, असं काही असतं का?’’

बी.ए.ला मराठी घेतलेल्या माणसाने याचे उत्तर तेथल्या तेथे देणे धाडसाचे होते. परत आल्यावर शोध घेतला, आणि हा प्रश्न एकट्या कमठाण्याचा नाही, गोव्याचाही आहे, हे ध्यानात आले.

कर्नाटकात बी.एस्सी.ला तीन विषय समान वजनाने शिकण्याची जुनी पद्धत होती. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र हा त्यातला लोकप्रिय त्रिकूट. २०२१-२२मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू करताना त्या राज्याने चार वर्षांची रचना स्वीकारली. पुढे सरकार बदलले आणि सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम अहवालावरून २०२४-२५पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आली. परिणामी एकाच महाविद्यालयात काही काळ दोन रचनांचे वर्ग शेजारी-शेजारी भरले. गोव्याने २०२३-२४पासून चार वर्षांची रचना घेतली ती कायम आहे. येथे गणित मुख्य आणि संगणकशास्त्र दुय्यम, किंवा उलट, अशी मांडणी होते. महाराष्ट्रही चार वर्षांच्याच वाटेवर आहे. म्हणजे १९५६पर्यंत ज्या बीदर जिल्ह्यात उदगीर आणि भालकी एकत्र नांदत होते, त्याच्या दोन तुकड्यांत आज पदवीची लांबीही निराळी आहे. चार वर्षे शिकलेल्याला पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पुरे करता येते, तीन वर्षांवाल्याला दोन लागतात. हिशेब अखेरीस जुळतो. पण सीमा ओलांडून प्रवेश घेणाऱ्याला तो आधी कोणी समजावून सांगत नाही.

रचनेहून महत्त्वाचा प्रश्न आशयाचा आहे. दोन विषय एका गुणपत्रिकेवर छापले म्हणजे ते एकत्र शिकवले जातात असे नव्हे. बऱ्याच ठिकाणी गणिताच्या तासाला विकलनाची उदाहरणे सुटतात, संगणकाच्या तासाला एखाद्या भाषेतील आज्ञा पाठ होतात, आणि दोन्ही शिक्षक एकमेकांना भेटतात ते फक्त परीक्षेच्या पर्यवेक्षणात. आपल्या गोवा विद्यापीठातही गणित भौतिक व उपयोजित विज्ञान विद्याशाखेत आहे आणि संगणकशास्त्र गोवा बिझनेस स्कूलच्या छत्राखाली. यामागे प्रशासकीय कारणे असतील, पण दोन्ही विषयांची ओढ असणाऱ्या विद्यार्थ्याला दोन घरांचे उंबरे झिजवावे लागणार, हे उघड आहे.

खऱ्या अर्थाने एकत्र अभ्यासक्रम कसा असतो, हे पाहायचे तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटकडे पाहावे. १९८९मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत १९९८पासून गणित आणि संगणकशास्त्राची तीन वर्षांची ऑनर्स पदवी आहे. तेथे बीजगणित आणि विश्लेषण सिद्धतेसह शिकावे लागते, आणि त्याबरोबरच तर्कशास्त्र, अल्गोरिदम व गणनेचा सिद्धान्त. प्रवेश परीक्षा गणिताची. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २०२२मध्ये गणित आणि संगणन या विषयाचा बी.टेक. अभ्यासक्रम सुरू केला. फर्मागुडीच्या आयआयटी गोवामध्येही असा अभ्यासक्रम आहे. मात्र या दोन्हींची वाट जेईई ॲडव्हान्स्डच्या खिंडीतून जाते.

या दोन विषयांचे नाते वरवरचे नाही. एखादी संख्या अविभाज्य आहे की नाही, हे निश्चितपणे आणि झटपट कसे ठरवावे, हा गणिताचा जुना प्रश्न. त्याचे उत्तर ऑगस्ट २००२मध्ये आले ते आयआयटी कानपूरच्या संगणकशास्त्र विभागातून. मणींद्र अग्रवाल यांच्यासह ते शोधणारे नीरज कयाल आणि नितीन सक्सेना नुकतेच बी.टेक. झाले होते. गोमंतकीय वाचकाला याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबींचे देता येईल. इतिहासकार म्हणून आपण त्यांचे नाव घेतो, पण त्यांचा पेशा गणिताचा. १९४५पासून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, आणि १९४८-४९मध्ये युनेस्कोची अभ्यासवृत्ती घेऊन गणनयंत्रांचाच अभ्यास करण्यासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेले होते. त्याच संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६०मध्ये सुरू झाला. त्याच्याही आधी दशकभर एका गोमंतकीय गणितज्ञाला या यंत्रांचे मोल कळले होते.

कमठाण्याच्या मुलीसाठी मात्र प्रश्न याहून जमिनीवरचा होता. घटनेच्या ३७१ (जे) कलमामुळे कल्याण कर्नाटकातील विद्यार्थ्यांना त्या भागातील संस्थांत ७० टक्के आणि राज्यात अन्यत्र ८ टक्के जागा राखीव आहेत. हे संरक्षण मोठे आहे, पण चेन्नईच्या किंवा आयआयटीच्या दारात ते चालत नाही. घराजवळ बीदर विद्यापीठ आहे, तेही २०२३चे. फेब्रुवारी २०२५मध्ये मंत्रिमंडळ उपसमितीने दहा नव्या विद्यापीठांपैकी नऊ बंद करण्याची शिफारस केली, तेव्हा संलग्न महाविद्यालयांची संख्या मोठी म्हणून बीदर तेवढे वगळले गेले. जे विद्यापीठ अस्तित्वासाठी असे थोडक्यात वाचते, ते नव्या प्रकारचा अभ्यासक्रम आखण्याच्या मनःस्थितीत कितपत असेल?

मला अधिक खटकते ते माहितीचे वाटप. तिच्या वडिलांचा विरोध ‘‘बी.एस्सी. करून पोरगी मास्तरीणच होणार ना’’ एवढ्याच वाक्याचा होता, आणि त्यांना तरी दोष कसा द्यावा? लातूरच्या शिकवणीवर्गांचे फलक या भागातल्या रस्त्यांवर दिसतात. त्यांत नीट आणि जेईई यांखेरीज तिसरे नाव सहसा नसते. गोव्यातील बारावीच्या वर्गातही परिस्थिती फार निराळी नसावी. गणितात चांगले गुण म्हणजे अभियांत्रिकी, हे समीकरण आपण न तपासता पुढच्या पिढीकडे सोपवत आलो आहोत. नियमित स्वरूपाचे प्रोग्रॅम आता यंत्रेच लिहू लागली असताना, ते बरोबर का आहेत हे सिद्ध करू शकणाऱ्याची किंमत वाढेल, असे मला वाटते. पण हा युक्तिवाद वडिलांपुढे मांडला तेव्हा त्यांनी फक्त चहा मागवला.

मी परतल्यावर तिला चेन्नईच्या संस्थेचे नाव कळवले. पलीकडून काही क्षण काहीच बोलणे आले नाही. यंदाची प्रवेश परीक्षा मे महिन्यात होऊन गेली होती. तिने बीदरलाच गणित आणि संगणकशास्त्रासह बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे, आणि जुन्या प्रश्नपत्रिका कोठे मिळतील, असे तिने परवा विचारले.