दुष्काळाचें देणें-घेणें

पाऊस राव-रंक पाहत नाहीं, असें आपण नेहमीं म्हणतों. तें खरेंच, परंतु पाऊस दडी मारून बसल्यावर जें घडतें तें मात्र राव-रंक पाहूनच घडतें. इकडे आमच्या वाचकांचें लक्ष आज वेधावेंसें वाटतें.

कोरड्या सालीं धान्य महागतें आणि बैल स्वस्त होतो. वैरण नाहीं म्हणून पंचक्रोशींतील शेतकरी एकाच बाजारास जनावरें आणतात. विकणारे शंभर, घेणारा एखादा. बैलांमागून घरांतलीं तांब्या-पितळेचीं भांडीं, मग दागिने, शेवटीं जमिनीचा तुकडा. पुढल्या मृगास पाऊस येतो, परंतु बैल परत येत नाहीं. त्याचा भाव तोंवर चढलेला असतो. ज्याच्या गांठीं रोकड होती त्याची इस्टेट मात्र वाढते. हा रोकडवाला प्रत्येक वेळीं सावकारच असतो असें नाहीं. पुण्या-मुंबईस पगारावर असलेल्या धाकट्या भावानें, गांवीं शेती सांभाळणाऱ्या थोरल्याचा हिस्सा अशाच एखाद्या वर्षीं ‘अडचणींतून सोडविण्याकरितां’ पडत्या भावानें लिहून घेतल्याचीं उदाहरणें वाचकांस आपल्याच भाऊबंदांत आठवतील. त्या दोघांचीं मुलें पुढें एका पंगतीस बसतात, पण एका शाळेंत जात नाहींत.

१९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत या ओघास कांहींसा बांध पडला, तो दानधर्मानें नव्हे, मजुरीनें. १९७३ च्या उन्हाळ्यांत सरकारी कामांवर सुमारें ५० लक्ष माणसें खपत होतीं. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणें. जमीनवालेहि मजुरांशेजारीं बसले. सुकडी व परदेशी तांबडा मिलो यांची चव त्या पिढींतील पुष्कळांच्या स्मरणांत आहे. गुरें गेलीं तीं गेलींच. तथापि मजुरी हातीं पडूं लागली म्हणून पुष्कळांस जमीन विकावी लागली नाहीं.

वि. स. पागे यांनीं पुरस्कारिलेली रोजगार हमी योजना या अनुभवानें दृढ झाली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. तीस लागणारा पैसा मुख्यतः शहरांतून यावा म्हणून १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यांत आला, आणि सरकारनेंहि तितकीच रक्कम घालावी असें ठरलें. पावसावर ज्यांची मिळकत अवलंबून नाहीं त्यांच्याकडून घेऊन, अवलंबून आहे त्यांस काम द्यावें, ही रचना आम्हांस न्याय्य वाटते. पगारपत्रकांत दरमहा २०० व फेब्रुवारींत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. घरांतील कमावत्या मुलामुलींस त्याचें मूळ बहुधा ठाऊक नसतें.