भेट मिळालेला हत्ती पोसायचा कुणी?

कल्याणहून मलंगगडाकडे जाताना नेवाळी लागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी तिथे धावपट्टी बांधली. आज नेवाळीचं नाव बातम्यांत येतं ते त्या जमिनीच्या वादामुळे. २०१७चं शेतकऱ्यांचं आंदोलन तुम्हाला आठवत असेल. पण त्या काळातली विमानं गेली कुठे? बरीचशी भंगारात, काही संग्रहालयांत. उडणारी फारच थोडी.

त्यातलं एक आपल्या हवाई दलाकडे आहे: 'परशुराम' नावाचं डाकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ला शीख रेजिमेंटचे जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटांतूनच. त्याची आठवण म्हणून या विमानावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. भंगारात निघालेलं हे विमान राजीव चंद्रशेखर यांनी घेतलं, ब्रिटनमध्ये दुरुस्त करवलं आणि २०१८मध्ये हवाई दलाला भेट दिलं. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाच चालवायचे.

भेट फुकट मिळाली, पण सांभाळ फुकट होत नाही. डाकोटाला दोन इंजिनं. प्रत्येकात १४ सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एकूण ५६. बाइकचा एक प्लग बदलताना आपण कुरकुरतो! बरं, विमान उभं ठेवलं तरी सुटका नाही. रबरी सील वाळतात, धातूला गंज धरतो. म्हणून तपासणी उड्डाणाच्या तासांवर होते, तशीच कॅलेंडरवरही होते. कारखाने कधीच बंद झालेत, त्यामुळे सुटे भाग जगभर शोधायचे, नाहीतर बनवून घ्यायचे. इंधनही वेगळं. जेटचं चालत नाही, विमानाचं खास पेट्रोल लागतं. इंडियन ऑइलने २०२२मध्ये वडोदऱ्यात ते बनवायला सुरुवात केली. त्याआधी ते आयात व्हायचं. आणि या सगळ्यापेक्षा दुर्मीळ म्हणजे असं इंजिन खोलून परत जोडणारे हात.

'इतकी हौस कशाला?' असं वाटेल. प्रश्न चुकीचा नाही. पण 'विक्रांत' आठवा. १९९७ला निवृत्त झालेली ही युद्धनौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. अभिमान सगळ्यांना होता, कायमच्या खर्चाची जबाबदारी मात्र कुणी उचलली नाही. २०१२ला सुरक्षेच्या कारणावरून संग्रहालय बंद झालं, २०१४ला नौका तोडायला घेतली.

आता कल्याणच्या दुर्गाडीजवळ नौदलाची निवृत्त टी-८० नौका जतन करायचा प्रकल्प आहे. तुम्ही तिथे सेल्फी काढालच, जरूर काढा. पण पुढच्या दहा वर्षांच्या रंगाचे, गंज काढण्याचे पैसे कुठल्या खात्यातून येणार, हेही नगरसेवकाला विचारा. उद्घाटनाच्या दिवशी हा प्रश्न कुणीच विचारत नाही. आणि इंजिनिअरिंगला असाल तर जुनं इंजिन उघडायची संधी सोडू नका. ते शिकवणारी माणसंही आता थोडीच उरली आहेत.