शेवटी जेवणारी मुलगी

रमजानमध्ये पहाटे सर्वांत आधी उठतात त्या घरातल्या बायका आणि मोठ्या मुली. सहेरीचे गरम अन्न आधी इतरांच्या ताटात पडते. अजानला दोन मिनिटे उरली की त्या उरलेली पोळी चहात बुडवून खातात. श्रावणात, नवरात्रात शेजारच्या घरीही फार वेगळे नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मध्ये देशातील 15 ते 19 वयाच्या 54.1 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय होता. 2019-21 मध्ये हे प्रमाण 59.1 टक्क्यांवर गेले. याच वयाच्या मुलांत ते 31.1 टक्के होते. पाळीत जाणारे रक्त हे या फरकाचे मोठे कारण. ते भरून काढणारे अन्न मुलीच्या ताटात पडते का, हे मात्र घरच्यांच्या हाती आहे. धाप लागणे, चक्कर येणे, अभ्यासात लक्ष न लागणे याला घरात बहुधा ‘आळस’ म्हटले जाते.

पाळीच्या दिवसांत मुलींना रोजा नसतो. ते रोजे नंतर पूर्ण करायचे असतात. आजारी माणसालाही कुराणाने हीच मुभा दिली आहे. तरी वडिलांना, भावांना कळू नये म्हणून कित्येक मुली त्या दिवसांतही उपाशी राहतात किंवा दाराआड चोरून दोन घास खातात. ज्या दिवसांत शरीराला अन्न हवे, नेमके त्याच दिवसांत ते मिळत नाही. धर्माने दिलेली सवलत घरातली लाज काढून घेते.

उपाय महागडे नाहीत. इफ्तारच्या काळ्या चण्यांवर लिंबू पिळावे. त्याने लोह अंगी लागते. चहाने ते अडते, म्हणून चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. मसूर, खिमा, कलेजी, अळीव यांत तिचाही वाटा हवा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळते म्हणून दप्तरात पडून राहते. रमजानात ती इफ्तारनंतरच्या जेवणावर घेता येते. शाळा सुटलेल्या मुलींसाठी ही गोळी अंगणवाडीत मिळते. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. 12 च्या खाली असल्यास डॉक्टरांना विचारूनच रोजे ठेवावेत.

आणि पाळीच्या दिवसांत दुपारी तिचे ताट आईने उघडपणे वाढावे. बापाने, भावाने काही विचारू नये.