घाटाचा चढ कळतो, रॅम्पचा का नाही?

जुन्नर-आंबेगावात बैलगाडा शर्यतीच्या घाटाचा चढ चुकलेला चालत नाही. यात्रा जवळ आली की जेसीबी लागतो, मुरूम पडतो, रोलर फिरतो. चढ किती असावा, कुठे बैलाची दमछाक होते, यावर पारावर तासभर वाद होतो आणि त्या वादात अडाणी कुणीच नसतो. याच गावांत सरकारी इमारतीचा रॅम्प होतो तेव्हा मात्र त्याचा चढ बघायला एकही जाणता फिरकत नाही.

विहिरीच्या कामावर पडलो तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे. टोमॅटोची पट्टी, बँक, सातबारा ही कामं त्याने थांबत नाहीत. तालुक्यातल्या एका कार्यालयाला (नाव घेत नाही) पाच पायऱ्या आहेत, म्हणजे अडीच फुटांचं जोतं. शेजारी सहा फुटांचा रॅम्प आहे. नियम सांगतो, एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी. म्हणजे इथे तीस फूट हवेत. सहा फुटांत खुर्ची चढवायची तर मागून दोन गडी लागतात, आणि उतरताना तेच दोघे जीव मुठीत धरून उलटे चालतात. वर चकचकीत फरशी, पावसाळ्यात त्यावर पायी चालणाराही घसरतो. रॅम्पच्या तोंडाशी मोटारसायकली. आत शौचालय आहे, पण दार दोन फुटांचं आणि खुर्ची त्याहून रुंद. म्हणून कार्यालयात जायचं त्या दिवशी मी सकाळपासून पाणी पीत नाही. कागदावर मात्र इमारत 'सुगम' आहे.

माणसं वाईट नाहीत, हीच खरी पंचाईत. "नाना, तुम्ही बसून राहा, आम्ही उचलतो ना!" म्हणत चार पोरं धावत येतात. त्यांचे उपकार आहेतच. पण उचलणारे हात मिळतात म्हणून उतार कुणाला आठवत नाही. शिवाय पोत्यासारखं उचललं जाताना वाटणारी लाज कुठल्याच अर्जात लिहिता येत नाही. खुर्चीवरच्या बाईला चार परक्या पुरुषांनी उचलायचं, हा विचार इमारतीचा नकाशा काढणाऱ्याने एकदा तरी करावा.

शिवनेरीवर रॅम्प घाला, असं मी म्हणणार नाही. तो गड चढायला अवघडच बांधलाय. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्यांना डोली आहे, तिथेही माझी तक्रार नाही. पण २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका झाला, जुलै २०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या यादीत गेला. आता पायथ्याची पार्किंग, शौचालयं आणि चहाच्या टपऱ्यांपर्यंतची वाट तरी खुर्ची जाईल अशी करायला कुठला इतिहास आडवा येतो?

एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे. बसची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते, त्यामुळे ती सवलत पाकिटातच राहते आणि मी पूर्ण भाडं देऊन रिक्षाने जातो.

कायदा कमी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सुगमतेचे नियम पाळल्याशिवाय नव्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाच देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की हे निकष नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, ते सक्तीचे करा. तरी आमच्याकडे ठेकेदार उरलेल्या सिमेंटात रॅम्प ओततो आणि तपासणारा साहेब पायऱ्यांनी वर जातो.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. माझ्या पाहण्यात हे पैसे बहुतेकदा वाटपात आणि वाटपाच्या फोटोत जातात. गरजूला मदत जरूर द्या. पण रॅम्प, रुंद दार आणि कठडा हे इमारतीच्या खर्चातच बसवा, आमच्या वाट्यातून नको. सरपंच, ग्रामसेवक आणि शाखा अभियंता यांना माझी विनंती एवढीच: पुढच्या कुठल्याही इमारतीचं शेवटचं बिल काढण्याआधी गावातल्या एखाद्या व्हीलचेअरवाल्याला बोलवा. तो कुणाच्या हाताशिवाय आत जाऊन बाहेर आला, तरच बिलावर सही करा.